जिकडे संशय तिकडे पाय

जालन्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षं छापून येते. गाव बदलतं, तारीख बदलते, आरोपीचं वय बदलतं, मजकूर तोच. पोलीस पथक रात्री पेट्रोलिंग करीत असताना सदर इसम अंधारात आपले अस्तित्व लपवून बसलेला मिळून आला. त्यास विचारपूस केली असता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली. मग पंच, अंगझडती आणि एखादी लोखंडी टॉमी. चोराशी मला देणंघेणं नसतं, पण त्या 'अस्तित्व लपवून'साठी मी ही बातमी रोज शोधतो. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत समर्थ रामदास जन्मले आणि मीपण सोडा म्हणून जन्मभर सांगत हिंडले. त्यांच्याच जिल्ह्यात कुणी खरोखर आपलं अस्तित्व लपवलं, तर त्याच्यावर रीतसर गुन्हा दाखल होतो.

तो दाखल होतो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ खाली. हे कलम सूर्य मावळला की जागं होतं आणि उगवला की झोपतं. त्या वेळात गुन्ह्याच्या इराद्यानं हत्यार घेऊन किंवा तोंड झाकून फिरणारा, घरफोडीचं सामान बाळगणारा, कुणाच्या इमारतीत शिरून तिथं का आलो हे पटेल असं न सांगू शकणारा, हे सगळे त्यात येतात. आणखी एक जण येतो, चोर म्हणून ज्याचं नाव आधीच झालेलं आहे असा माणूस. त्यानं रस्त्याच्या कडेला नुसतं रेंगाळणं आणि कारण न सांगता येणं एवढंही पुरतं. म्हणजे तुम्ही-मी रस्त्यावर उभे असलो तर उभे असतो. तो उभा असला तर मिळून येतो.

रात्री फिरून राखण करायच्या कामाला आमच्याकडे जागेप्रमाणे नावं आहेत. ठाण्यात ते पेट्रोलिंग, एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांत राऊंड, गावात गस्त आणि रानात जागल. पेट्रोलिंगला पेट्रोल लागतं म्हणून ते महिनाअखेरीला कमी होतं, हा विनोद इथं पानटपरीवरच्या पोरालाही पाठ आहे. विनोद बाजूला ठेवला तरी गाडीचा आणि या शब्दाचा काही संबंध नाही. तो इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी चिखल तुडवत चालणं आहे. छावणीभोवती रात्री फेऱ्या मारणाऱ्या शिपायांच्या पायांना जे लागायचं, त्यावरून नाव पडलं. भोकरदन-जाफराबादकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात ज्यानं रात्री दहा पावलं टाकली आहेत, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिथं चप्पल पायात राहत नाही आणि पाय चपलेत राहत नाही. दर पावलाला मातीचा एकेक थर चढतो, पाचव्या पावलाला माणूस चार बोटं उंच होतो आणि सहाव्याला आडवा.

पण आधी आमच्या कॉलनीची फेरी, कारण ती कोरड्या सिमेंटच्या रस्त्यावरची आहे. तिथं गुरखा येतो. त्याला सगळे बहादूर म्हणतात. खरं नाव कुणी विचारलेलं नाही, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे देतानाही नाही. हातात काठी, गळ्यात शिट्टी, डोक्याला माकडटोपी. दर तिसऱ्या-चौथ्या विजेच्या खांबावर तो काठी आपटतो, मग शिट्टी, मग पुढचा खांब. खांब लोखंडी असेल तर टण्ण आवाज येतो, सिमेंटचा असेल तर नुसतं खट्. अंथरुणात पडल्या पडल्या तो कुठवर पोचला हे कळतं. मी त्याला एकदा विचारलं, की अरे, एवढा आवाज करत येतोस तर चोराला आधीच नाही का समजत? तो म्हणाला, "साब, उसको समझने के लिये ही तो बजाता हूँ. बगल की गली में जाने दो. उधर का पगार मुझे नहीं मिलता."

पोलीसशास्त्रातले मोठमोठे ग्रंथ या तीन वाक्यांच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत, असं माझं मत आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाच्या शहरात १९७२-७३ मध्ये पोलिसांनी एक प्रयोग केला. शहराच्या एका भागातले पंधरा बीट घेतले आणि त्यांचे तीन गट केले. काही बीटमध्ये नेहमीची फिरती गाडी बंद केली, बोलावलं तरच जायचं. काहींत गाड्या दुप्पट-तिप्पट केल्या. उरलेल्यांत होतं तेच चालू ठेवलं. वर्षभरानं हिशेब केला तर चोऱ्यामाऱ्यांत सांगण्यासारखा फरक नाही, आणि लोकांच्या भीतीतही नाही. गाड्या कमी झाल्या की वाढल्या, हे रहिवाशांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. पुढे नेवार्क शहरात गाडीऐवजी पायी गस्त घालून पाहिली. गुन्हे तिथंही हलले नाहीत. पण लोकांना बरं वाटू लागलं, भीती कमी झाली. पायी फिरणारा दिसतो, बोलतो, त्याची चाहूल लागते. बहादूरची काठी हेच करते. ती चोराला शेजारच्या गल्लीत पाठवते आणि आम्हाला झोपेत. शेजारची गल्ली काय करते, हे आम्ही विचारत नाही.

हल्ली बऱ्याच शहरांत पोलिसांच्या फेरीलाही मोबाइल आला आहे. बँक, एटीएम, मंदिर, सराफाचं दुकान अशा ठिकाणी एक क्यूआर कोड चिकटवलेला असतो. शिपायानं तिथं जाऊन तो स्कॅन केला की वेळ नोंदली जाते. त्याआधी भिंतीला अडकवलेल्या डब्यात भेटवही असायची आणि तीत सह्या. मध्यरात्रीच्या चार सह्या सकाळी एकाच पेनानं, एकाच बैठकीत करता येतात, हे कुठल्याही साहेबाला माहीत असतंच. इंग्लंडातल्या डर्बीच्या जॉन व्हाइटहर्स्ट या घड्याळजीनं अठराव्या शतकातच पहारेकऱ्यांसाठी चुगली करणारं घड्याळ बनवलं होतं. पहारेकरी वेळेवर आला नाही तर त्याची गैरहजेरी घड्याळातच उमटून राहायची. म्हणजे राखण करणाऱ्याची राखण ही काळजी जुनीच.

रानातल्या जागलीला असलं घड्याळ नाही. आमचे मामा भोकरदन तालुक्यात शेती करतात. मका दाण्यात आला की त्यांचं अंथरूण घरातून माळ्यावर जातं. चार बल्ल्या, वर आडव्या फळ्या, वर ताडपत्री. खाली आगटी. उशाशी बॅटरी, गोफण, पत्र्याचं डबडं आणि दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब. मोबाइलवर भजनं लावून ठेवलेली. ती मामांसाठी कमी आणि डुकरांसाठी जास्त. रात्रीतून तीनदा-चारदा खाली उतरून बांधाबांधानं फेरी होते. रानडुक्कर मका खात कमी आणि लोळून पाडत जास्त. रोही आला तर कुंपणावरून सरळ उडी मारतो. हरणांचा कळप कोवळ्या हरभऱ्याचे नुसते शेंडे खुडून जातो. लांबून वाटतं, पीक उभं आहे.

मामांची ही फेरी मी बारकाईनं पाहिली आहे. बॅटरी ते सतत चालू ठेवत नाहीत. अंधारातच चालतात, थांबतात, कान देतात. मक्याच्या पानांची सळसळ वाऱ्याची असेल तर ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. डुकराची असेल तर एकाच जागी होते, थांबते आणि परत तिथंच होते. तसं झालं की बॅटरी एकदम त्या जागी, आणि तोंडानं असा आवाज की माझ्याच छातीत धडकी भरावी. सकाळी ते परत त्याच बांधावरून जातात आणि खूर पाहतात. कुठून आलं, किती होती, कुठून गेली. रात्रीच्या फेरीचा दुसरा अर्धा भाग हा असा उजेडात होतो.

याच रानात रात्रीचं आणखी एक काम असतं, पाण्याचं. शेतीच्या फिडरला एक आठवडा दिवसाची लाइट आणि एक आठवडा रात्रीची, हे चक्र महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलं आहे. रात्रीच्या पाळीत मोटार सुरू झाली की दारं धरायला जावंच लागतं. आता हिवाळ्यात रात्री दोन वाजता दारं धरायला निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. तोंडाला मफलर गुंडाळलेला, खांद्यावर फावडं, कमरेला विळा, पायात चिखल. सूर्य मावळलेला आहे. चेहरा झाकलेला आहे. धारदार हत्यार जवळ आहे. कलम १२२ मधलं निम्मं वर्णन त्याच्या अंगावर आहे. सुटका आहे ती फक्त इराद्यात, आणि इरादा अंधारात दिसत नाही.

२०२४ साली पावसाळ्याच्या सुमाराला अशा माणसाला चोर ठरवणं जवळजवळ झालंच. बीड, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात, त्यांतून घरांची टेहळणी होते आणि मागून चोर येतात, अशी हूल उठली. काही दिवे खरेच दिसत होते. कुणाचे, यावर रोज नवी गोष्ट. विषय विधानसभेपर्यंत गेला. गावोगाव पोरांनी गस्त सुरू केली. व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाले, पाळ्या लागल्या, काठ्यांना तेल लागलं. सगळ्यांच्या माना वर. ज्या वयातली पोरं एरवी रात्री अकराला पारावर मोबाइलमध्ये खाली मान घालून बसतात, ती आता आकाश बघत होती, एवढा एक फायदा झाला.

त्या दिवसांत मामा दारं धरून परतत असताना ओढ्याच्या पुलाजवळ दहा-बारा बॅटऱ्या एकदम तोंडावर आल्या. "कोण हाय रे? हात वर कर!" मामांनी हात वर केले नाहीत, कारण एका हातात फावडं होतं आणि दुसऱ्यात चपला. ते म्हणाले, "बापूराव पाटलाचा जावई हाय. तुह्या चुलत्याच्या बांधाला बांध हाय माह्या. बॅटरी खाली घे, आंधळा करतू का?" पोरं हसली आणि चहाला घेऊन गेली. मामा ही गोष्ट रंगवून सांगतात. मला तिच्यात हसू येत नाही. मामांजवळ सांगायला सासऱ्याचं नाव होतं, बांध होता, बोली तीच होती. त्यांच्या जागी कुणी परमुलखातला, आडनावानं न पटणारा, मराठी अडखळत बोलणारा त्या पुलावर आला असता, तर चहा झाला असता का?

हे काल्पनिक भय नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारला गेला. त्या भागात चोरांच्या अफवा होत्या आणि गावं रात्रीची राखण करत होती. राखणीला बसलेल्या माणसाला काहीच सापडलं नाही, तर जागरण वाया गेल्यासारखं वाटतं. रात्री तिसऱ्या प्रहरी झोप, थंडी आणि कंटाळा यांच्याविरुद्ध टिकायला संशय फार उपयोगी पडतो. मग पाय जिकडे संशय तिकडे वळतात, आणि संशय कुणावर घ्यायचा हे गावाचं आधीच ठरलेलं असतं.

कधी ते सरकारचंही ठरलेलं होतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत माणूस जन्मला की जन्मतःच संशयित, ठराविक ठिकाणी हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, रात्री वस्तीवर येणारी बॅटरी तेवढ्यानं गेली नाही. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन मराठवाड्यातल्या प्रत्येक ठाण्याच्या कपाटात असायला हवं, असं मला फार वाटतं. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला आहे. मराठीत दारोगा, शिपाई, चौकी यांच्या बाजूनं सांगितलेल्या गस्तीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. दारावर थाप पडते तेव्हा आतल्या माणसाला काय होतं, हे सांगणारी थोडी.

आमच्या जिल्ह्यात पहारेकऱ्यांच्या वळलेल्या पावलांचं सर्वांत महागडं उदाहरण मात्र सैन्याचं आहे. भोकरदनच्या पूर्वेला असईचं रान आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला. त्याच्या हरकाऱ्यांनी खबर आणली होती, की मराठे भोकरदनला आहेत. हरकारे खोटं बोलले नव्हते. त्यांच्या बोलण्यातलं भोकरदन म्हणजे भोकरदनचा सगळा मुलूख, साहेबाला वाटलं भोकरदन गाव. त्यामुळे दहा-बारा मैलांवर असेल असं धरलेली फौज निम्म्या अंतरावरच समोर उभी राहिली. खेळणा नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीनं दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की एवढी जवळ वसलेली गावं एकमेकांकडे गेल्याशिवाय राहणार नाहीत, उतार असलाच पाहिजे. होता. हा तर्क मला त्या लढाईतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, कारण तो नदीकडे बघून केलेला नाही. माणसं कशी राहतात ते बघून केलेला आहे.

पण नंतर घोळ झाला. त्याच्या फौजेत रोज प्रत्येक पलटणीतून थोडे थोडे शिपाई काढून त्या दिवसाचा पहारा नेमत. छावणीच्या कडेला उभं राहून नजर ठेवायची, हे त्यांचं काम. लढाईच्या रांगेत त्या दिवशीचे पहारेकरी लेफ्टनंट कर्नल ऑरॉकच्या हाताखाली उजव्या टोकाला होते. असई गावापासून लांब राहा, असा हुकूम होता. गावात मराठ्यांचे लोक आणि तोफा होत्या. ऑरॉक सरळ गावाच्या दिशेनंच चालत गेला. मागून ७४ वी हायलंडर पलटण ओढली गेली. पहारेकरी कापले गेले, आणि त्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. वेलस्ली जिंकला, पण त्याचे दीड हजारांवर लोक पडले किंवा घायाळ झाले. ऑरॉक का वळला, यावर लष्करी इतिहासकार नकाशे काढून वाद घालतात. मला उगाच वाटतं, की रोज रात्री ज्यांना धोक्याकडे तोंड करून उभं केलं जातं, त्यांना दिवसा धोक्याला बगल देऊन चाला म्हटलं तर पाय ऐकत नसतील.

असईला मी गेलो तेव्हा रानात मका आणि कपाशी होती आणि बांधावर एक माळा उभा होता.

या सगळ्या फेऱ्यांहून वेगळी एक फेरी आहे, आणि ती मला सर्वांत थोर वाटते. जालन्यावरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला आला; आधी मीटरगेज, १९९० च्या दशकात ब्रॉडगेज. त्यावर गँगमध्ये काम करून निवृत्त झालेले एक काका आमच्या जुन्या घराशेजारी राहत. हिवाळ्यात संध्याकाळी त्यांची पिशवी भरली जायची. तीन रंग बदलणारा हातदिवा. शिट्टी. लाल-हिरवे झेंडे. मोठा पाना आणि हातोडी. पत्र्याच्या डबीत डिटोनेटर; त्यांना ते फटाके म्हणत आणि आम्हा पोरांना डबीला हात लावू देत नसत. आणि एक मळकी वही. "आज पेट्रोलिंगला जायचंय," म्हणायचे, आणि आम्हाला वाटायचं काका चोर पकडायला चालले.

ते चोर पकडायला जात नव्हते. थंडीत पहाटेच्या सुमाराला पोलाद आखडतं. सलग जोडलेला रूळ सांध्याच्या जागी ताणला जातो आणि एखाद्या जुन्या वेल्डिंगवर तडकतो. उन्हाळ्यात दुपारी उलटं, रूळ फुगून वाकडा होतो. पावसाळ्यात भराव खचतो, पुलाखालचं पाणी खुणेच्या वर येतं. तिन्ही ऋतूंची गस्त वेगळी आणि शोधायची गोष्ट वेगळी. काका दिव्याचा उजेड रुळाच्या माथ्यावर तिरका टाकून चालत, कारण तडा सरळ उजेडात दिसत नाही, तिरक्या उजेडात त्याची सावली पडते. बीटच्या टोकाला समोरून दुसरा पेट्रोलमन यायचा. दोघं वह्या बदलायचे आणि उलटे फिरायचे. स्टेशनात मास्तर तीत वेळ घालून सही करायचा. तडा सापडला तर दिवा लाल करून गाडी येणार त्या दिशेला पळायचं. सहाशे मीटरवर एक फटाका रुळावर बांधायचा, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले, की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची. काकांना नोकरीत तसं पळावं लागलं ते एकदाच, दिनागावच्या अलीकडे. बक्षिसाचा कागद त्यांनी फ्रेम करून लावला होता. बाकीच्या रात्रींचा कागद नाही.

या गस्तीत संशयित माणूस नसतो. काका ज्याची राखण करत त्याच्याकडेच बघत चालत. मामा मक्याकडे कान देतात, तसंच. पोलिसांची गाडी, पोरांची टोळी, कॉलनीचा गुरखा हे सगळे राखायच्या वस्तूकडे पाठ करून बाहेर बघतात. दोन्हींची गरज असते, हे मान्य. पण आपण पैसा, गाड्या, कॅमेरे, मान हे सगळं बाहेर बघणाऱ्यांवर खर्च करतो, आणि रुळाकडे बघत चालणाऱ्याला गँगमन म्हणून विसरतो. एखादी शाळा, एखादा पाझर तलाव, एखादी सरकारी दवाखान्याची वायरिंग रोज कुणी अशी तिरक्या उजेडात तपासत गेलं असतं, तर आमच्या जिल्ह्यात पुष्कळ काही तडकायच्या आधी कळलं असतं.

त्याच मार्गावर ८ मे २०२० ची पहाट झाली. जालन्याच्या एका स्टीलच्या कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले वीस मजूर टाळेबंदीत काम बंद पडल्यावर भुसावळहून घरी जायची गाडी मिळेल या आशेनं पायी निघाले होते. गावागावांच्या वेशी बंद होत्या, रस्तोरस्ती नाकाबंदी होती, मोकळा होता तो रूळ. रात्रभर चालून बदनापूरच्या पुढे करमाडजवळ ते दमून बसले, आणि गाड्या बंद आहेत या समजुतीनं काही जण रुळांवरच झोपले. मालगाड्या चालू होत्या. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला आलेल्या मालगाडीखाली सोळा जण गेले. ड्रायव्हरनं पाहिलं, गाडी थांबवायचा प्रयत्न केला, थांबली नाही. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्या देशानं पाहिले.

काका तेव्हा हयात होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ एकच हिशेब करत बसले: जालन्यातून अंधार पडताना निघाले असतील, तर दिनागावला किती वाजता, बदनापूरला किती वाजता. त्या रात्री महाराष्ट्रात जितके लोक पहाऱ्यावर होते तितके क्वचितच कधी असतील. चौकाचौकात पोलीस, वेशीवेशीवर गावची पोरं. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला कुठून आला आणि कुठं चालला हे विचारलं जात होतं. जे खरंच हे विचारण्याजोगे होते, ज्यांना "कुठं चाललात, बसा, पाणी प्या" म्हणायला कुणी भेटायला हवं होतं, ते त्या प्रश्नाला भिऊन तिथून गेले जिथं विचारणारं कुणी नव्हतं. काकांचा हिशेब काही जुळला नाही. "मुक्कामाला करमाडचं स्टेशन घेतलं असतं तरी," एवढं म्हणाले.

मामांकडे परवा गेलो होतो. त्यांना आता सौर पंप मिळाला आहे. रात्रीच्या लाइटीची कटकट संपली, दारं दिवसा धरतात. जागल संपेल असं त्यांना वाटलं होतं, पण शिवारात दोन ठिकाणी पंपाची केबल कापून नेली, एकाच्या प्लेटा गेल्या. त्यामुळे माळा मक्याजवळून उचलून पंपाजवळ बांधला आहे. पूर्वी पाण्यासाठी जागायचो, आता उन्हासाठी जागतो, असं म्हणून स्वतःच हसले. पोरानं संभाजीनगरहून सिमकार्डवर चालणारा कॅमेरा आणून खांबावर लावून दिला आहे. काही हललं की घरी मोबाइल वाजतो. वाजतो तो बहुतेक वेळा डुकरांमुळेच. मामा अंथरुणात बसून स्क्रीनवर डुकरांना मका पाडताना बघतात, शिव्या देतात आणि मग चपला घालून निघतातच.

"तुह्या वळखीचं कुणी हाय का त्या कंपनीत?" त्यांनी मला विचारलं. "चोर दिसला तर पोलिसाला फोन करायचा, ते कळलं. डुक्कर दिसल्यावर हितून हाड म्हणायची काही सोय हाय का, तेवढं इचारून सांग."